रांगेतला आवाज माझा आहे

२१४

"नमस्कार. शेष जागा कक्षात आपलं स्वागत आहे. आपण उमेदवार असाल, तर एक दाबा. आपण उमेदवाराचे पालक असाल, तर कृपया फोन ठेवा."

हे मी बोलले.

आत्ता नाही, अठरा वर्षांपूर्वी. आत्ता मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून टोस्टला लोणी लावत होते आणि माझाच आवाज मला अगदी नम्रपणे फोन ठेवायला सांगत होता.

"ऐकलंस? ठेव म्हणतेयस," नवरा म्हणाला.

"मी नाही म्हणत. ती म्हणतेय."

"ती म्हणजे कोण?"

"आई, बाबा, प्लीज," भिंगरी म्हणाली आणि तिने एक दाबला.

भिंगरी आमची मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं. आज मात्र सकाळी आठपासून ती एकाच खुर्चीत, एकाच बाजूला कलून बसली होती.

आठ वाजता निकाल लागला. भूकंपशास्त्राला तिची जागा ठरलेली होती, पण गणितात ऐंशी हवे होते. तिला किती पडले, ते तिने सांगितलं नाही. लॅपटॉप आमच्याकडे वळवला, आम्ही वाचलं, तिने तो परत फिरवला. त्या आकड्याचं नाव अजून घरात कोणी घेतलं नव्हतं. घरात साप निघाला की त्याला जसं 'लांबडं' म्हणतात, तसं आम्ही त्याला नुसतं 'ते' म्हणत होतो.

ऐंशीच्या खाली गेलं की ठरलेली जागा जाते. मग उरतात शेष जागा. ज्यांच्यावर बसणारे दुसरीकडे पळाले, किंवा आपल्यासारखेच घसरले, अशा रिकाम्या खुर्च्या. त्या फोनवर वाटतात, एकाच दिवशी, नऊ ते पाच. नियम एकच. उमेदवाराने स्वतः बोलायचं आणि आपले गुण आपल्या तोंडाने सांगायचे. कागद उद्या, तोंड आज.

"आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आपला क्रमांक, दोनशे, चौदा."

लॅपटॉपवर एक तक्ता होता. त्यात एक ओळ होती: भूकंपशास्त्र, जागा ४.

२१४

(अजून.)

माझं काम सांगते. मी लिफ्टमध्ये असते. बँकेत असते. पाण्याच्या बिलाच्या फोनवर असते. आपण फिरवलेला क्रमांक अस्तित्वात नाही, हेही मीच सांगते, आणि ते सांगताना मला अजूनही थोडं वाईट वाटतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. मला बघायला आला तेव्हा सगळ्यांसमोर त्याचं पहिलं वाक्य होतं, "तुम्ही तिसऱ्या मजल्यावर फार अडकता." कुठल्याशा इमारतीत माझी टेप 'तिसरा मजला, तिसरा मजला' करत बसायची, ती त्याने चारदा दुरुस्त केली होती. मी लगेच हो म्हटलं. आपल्याला चारदा दुरुस्त करून न कंटाळणारा माणूस कुठे मिळतो?

शेष जागा कक्षाचं काम आलं तेव्हा भिंगरी चार महिन्यांची होती. स्टुडिओत जाणं शक्य नव्हतं. मग स्टुडिओवाला यंत्र घेऊन घरी आला आणि झोपायच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट त्याने रिकामं करायला लावलं. आत चारी बाजूंनी गोधड्या लावल्या, मधे एक स्टूल ठेवलं. त्या कपाटात बाहेरचं काही ऐकू येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. मी अजून त्यातच काम करते. आमचे कपडे अठरा वर्षं पलंगाखाली आहेत.

"असं बोला," स्टुडिओवाला म्हणाला होता, "की ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, ह्या बाईला माझी काळजी आहे. पण उठून येणार नाही."

आणि दुसरा नियम. फोनवर तीन सेकंदांच्या वर शांतता नको. तीन सेकंद झाले की माणसाला वाटतं आपण मेलो. तिसऱ्या सेकंदाला काहीतरी बोलायचंच.

दोन दिवस दुपारी मी आकडे बोलले. नऊशे नव्याण्णवपासून खाली, एकेक. भिंगरी मांडीवर झोपलेली. नेमकी शेवटच्या आकड्याला ती उठली. स्टुडिओवाला म्हणाला, "जाऊ द्या हो. एक नंबर ऐकत बसायला कोणाला वेळ असतो? तोवर फोन उचलतातच."

१८०

साडेनऊला जिन्याकडून धप्प असा आवाज आला. पाठोपाठ मी. "दरवाजे बंद होत आहेत. दरवाजे बंद होत आहेत. दरवाजे बंद."

"दोन आणि तीनच्या मधे," नवरा टोस्ट चावत म्हणाला. त्याला आवाजावरून मजला कळतो. लगेच त्याचा मोबाइल वाजला. त्याने तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"दादा, मी तुझ्या लिफ्टमध्ये अडकलेय!"

ही माझी नणंद. शाळेत गणित शिकवते. भिंगरीचं गणित तिनेच घेतलं, तीन वर्षं, दर रविवारी, ह्याच टेबलावर. आज निकालासाठी रजा टाकून निघाली होती.

"कितव्या मजल्यावर आहेस?"

"अडीचाव्या."

"असा मजला नसतो."

"मला गणित शिकवू नकोस. किती पडले?"

भिंगरी खुर्चीत आणखी थोडी कलली. मान हलवून नाही म्हणाली. मग पुढे वाकून अगदी हळू, "बाबा, आत्याला राहू दे ना तिथे. थोडा वेळ."

आता मला वाटलं होतं नवरा ओरडेल. पण तो धंद्याचा माणूस. त्याने आधी खिशातून कार्ड काढलं. त्यांच्या कंपनीने सगळ्या कारागिरांना दिलेलं, कडा झिजलेलं.

अडकलेल्या माणसाशी बोलताना
१. नाव विचारा.
२. घाबरू नका म्हणा.
३. किती वेळ लागेल ते सांगू नका.
४. बोलत राहा.
५. दार आतून उघडायला सांगू नका.

"नाव काय आपलं?" त्याने विचारलं.

"दादा!"

"बरं. घाबरू नका."

"मी घाबरलेली नाहीये. मी विचारतेय किती पडले."

"पंखा चालू आहे ना? दिवा? बसायला फळी आहे कोपऱ्यात, ती खाली ओढ."

"ओढली. आता सांग."

"काम चालू आहे," नवरा म्हणाला आणि दुसरा टोस्ट घेतला.

"अरे, बहीण आहे ती तुझी," मी म्हटलं.

"बहीण सुरक्षित आहे. लिफ्ट अडकली की माणूस खाली पडत नाही, ती अडकते म्हणूनच पडत नाही. इथे बघ," त्याने भिंगरीकडे बोट केलं, "इथे कोण अडकलंय ते बघ. नाव काय आपलं?"

"बाबा, माझ्यावर कार्ड वापरू नका."

"घाबरू नकोस."

"बाबा!"

"आपला क्रमांक, एकशे, शहाऐंशी," मी म्हणाले. फोनमधली मी.

१८६

"वाढला कसा?" नवरा म्हणाला.

आम्ही तिघांनी फोनकडे पाहिलं. रांग मागे कशी जाते? पुढे सहा उमेदवार घुसले असतील, असं नवऱ्याचं म्हणणं. सहाजणांनी घाबरून परत फोन केला असेल आणि जुनी जागा मागितली असेल, असं भिंगरीचं. मला स्टुडिओवाल्याचं आठवलं. तो म्हणाला होता, अधूनमधून आकडा थोडा चढवतात, नाहीतर लोक आशेवर राहतात.

मी ते सांगितलं नाही.

भूकंपशास्त्र, जागा ३.

९९

अकरा वाजता नवऱ्याने यादी केली. लिफ्टच्या तपासणी कागदाच्या मागच्या बाजूला. आपल्याला हवं ते नाही मिळालं तर, असं तो म्हणाला, आणि चष्मा लावला.

"वाळवंटातली शेती. नव्वद जागा."

"बाबा, वाळवंट कुठे आहे?"

"असेल कुठेतरी. नव्वदजणं न्यायची म्हणजे बसची सोय असणारच. कागद आणि लगदा, अडतीस."

"लगदा म्हणजे?"

"कागद व्हायच्या आधी कागद जो असतो तो. प्राचीन कुलुपं, बारा. हे बघ, हे चांगलंय. ह्यात मी तुझा अभ्यास घेऊ शकेन."

"संख्याशास्त्र बघा म्हणावं," टेबलावरच्या मोबाइलमधून नणंद म्हणाली. "पण ते किती पडले त्यावर आहे."

"काम चालू आहे," नवरा म्हणाला.

"दीड तास काम चालू आहे! इथे वहिनी सारखी म्हणतेय दरवाजे बंद होत आहेत. अहो वहिनी, मला दिसतंय ते!"

"ती मी नाही हो," मी म्हटलं.

"मग ही कोण बोलतेय आता?"

"ही मी."

"एकच आवाज आहे वहिनी. उगाच फाटे फोडू नका."

भिंगरी हसली. सकाळपासून पहिल्यांदा. नवऱ्याने लगेच यादीवर तिसऱ्या ओळीला खूण केली, जणू कुलुपांमुळे हसली.

भूकंपशास्त्र, जागा २.

(संगीत)

(संगीत)

(ह्या संगीताला शेवट नाही. सुरुवातीचे चार सूर संपले की ते परत सुरुवातीच्या चार सुरांना जाऊन मिळतं. नवरा त्यावर पाय हलवायला लागला, हे वाईट लक्षण.)

४०

"आपला क्रमांक, चाळीस."

४०

"आपला क्रमांक, चाळीस."

४०

"अडकली," नवरा म्हणाला आणि फोनला बाजूने टिचकी मारली. लिफ्टच्या खोक्याला मारतात तशी.

"आई, गप्प बस ना जरा," भिंगरी म्हणाली.

"मी काही बोललेच नाही."

"तिलाच म्हणतेय मी. तिला गप्प बसव." तिने कानांवर हात ठेवले. "तुला माहितीये, लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या आया भिंतीत असतात. बँकेत गेलं की तू. लिफ्टमध्ये तू. डॉक्टरांना फोन केला की तू. मला वाटायचं, मोठं झालं की आई व्हायचं म्हणजे भिंतीत जाऊन बसायचं."

नवरा हसायला लागला आणि माझ्याकडे बघून थांबला.

"आणि घरी तुला काही विचारायला आले, की तू कपाटातून म्हणायचीस, थांब जरा. अगदी ह्याच आवाजात."

"काम चालू असायचं गं."

"माहितीये. मी थांबायचे. तीनपर्यंत मोजायचे, मग परत तीनपर्यंत. कधीकधी शंभर वेळा तीन व्हायचे."

ह्यावर काय बोलायचं? एक सेकंद गेला. दुसरा गेला.

"टोस्ट देऊ?" मी म्हटलं.

तिने माझ्याकडे जे बघितलं, ते बघणं मला नको होतं. पण टोस्ट घेतला.

भूकंपशास्त्र, जागा १.

दुपारचे सव्वादोन. मी देवाला नाही, पण स्टुडिओवाल्याला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या.

२

"आपला क्रमांक, दोन."

नवरा उभा राहिला. मीही. भिंगरीच्या समोर एका कागदावर तिचा परीक्षा क्रमांक होता आणि खाली तिनेच लिहिलेलं, नमस्कार, मी उमेदवार बोलतेय. ती ते ओठांनी घोकत होती. आकडा कागदावर नव्हता.

"नमस्कार म्हण आधी," नवरा म्हणाला.

"लिहिलंय, बाबा."

"आणि सरळ बस, आवाज पोटातून येतो," मी म्हटलं.

"आई."

"आणि घाबरू नकोस."

"काय चाललंय तिथे?" नणंद म्हणाली. नवऱ्याने तिचा मोबाइल उचलून पोटाशी दाबला. त्याच्या पोटातून ती बोलत राहिली.

खट्.

"शेष जागा कक्ष. बोला."

माणूस होता. खराखुरा, सर्दी झालेला.

भिंगरीने तोंड उघडलं. तोंड उघडंच राहिलं. नमस्कार कागदावर होता, डोळे कागदावर होते, पण मधली वायर कुठेतरी तुटली होती.

एक सेकंद.

दोन.

माझं चुकलं हे मला मान्य आहे. पण एकवीस वर्षं ज्या बाईने फोनवर तिसरा सेकंद रिकामा जाऊ दिलेला नाही, तिच्या जिभेला कोण सांगणार?

"कृपया थांबा," मी म्हणाले. "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."



"बरं," तो म्हणाला.

आणि थांबला.

रांगेबाहेर

आम्ही तिघं फोनवर वाकून ऐकत होतो. तिकडे त्याने नाक शिंकरलं. कपात काहीतरी ओतलं. मग तो गुणगुणायला लागला. तेच संगीत, चार सूर आणि परत चार सूर.

"तो थांबलाय," भिंगरी ओठांनीच म्हणाली.

"अडकला," नवरा कुजबुजला. आणि बघते तर ह्याचा हात खिशातल्या कार्डाकडे.

वीस सेकंद झाले. माझ्या आत एक घड्याळ आहे, ते वाजलं. "आपण रांगेत आहात," मी म्हणाले. "आपल्याशी लवकरच संपर्क साधण्यात येईल."

"हो हो," पलीकडचा म्हणाला. सवयीने.

काय झालं असावं ते मला हळूहळू कळलं. तो तिथे रोज दिवसभर बसतो. त्याची फोनयंत्रणाही तीच. दोन उमेदवारांच्या मधे त्यालाही मीच थांबवत असणार. मी थांबा म्हटलं की थांबायचं, एवढंच त्याच्या अंगात मुरलं होतं.

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? सॉरी म्हटलं असतं. मी लॅपटॉपकडे बघितलं. एक जागा. मी भिंगरीकडे बघितलं. ओठ पांढरे.

आणि मला सुचलं.

"भूकंपशास्त्राची उरलेली जागा राखून ठेवण्यासाठी," मी म्हणाले, "एक दाबा."

टूं.

त्याने दाबला.

लॅपटॉपवर तक्ता हलला. भूकंपशास्त्र, जागा ०. नवऱ्याने डोकं धरलं, मग त्याला कळलं की ते शून्य आमचंच आहे, मग त्याने आनंदाने पोट धरलं, म्हणजे मोबाइल, म्हणजे बहीण.

"दादा, मला गुदमरायला होतंय आणि लिफ्टमुळे नाही!"

"उमेदवाराचा परीक्षा क्रमांक नोंदवण्यासाठी तयार राहा," मी म्हणाले. भिंगरीच्या कागदावरून एकेक आकडा सुटा सुटा वाचला. पलीकडे टकटक टकटक. शेवटी त्याने विचारलंसुद्धा, "शेवटचा सात की आठ?" मी म्हणाले, "सात. धन्यवाद."

हे इतकं सोपं आहे हे मला आधी का नाही सुचलं? तिचं कॉलेज, नोकरी, घर, लग्न करायचं असेल तर लग्न, सगळं मी असंच करून टाकलं असतं. तिला तोंड उघडायची गरजच नव्हती. एक दाबा, दोन दाबा, झालं.

"उमेदवाराचे गणिताचे गुण," मी म्हणाले.

नवरा मान डोलवत होता, सांग, सांग. आकडा माझ्याकडे तयार होता. नऊशे नव्याण्णवपासून एकपर्यंत सगळे आकडे माझ्याकडे तयारच असतात. मी श्वास घेतला.

माझ्या तोंडावर एक हात आला. लोण्याचा.

"थांब," भिंगरी म्हणाली.

माझ्या आवाजात नाही. तिच्या. थोडा चिरका, टोस्ट अडकलेला.

तिने दुसऱ्या हाताने फोन उचलला. खुर्चीतून उठली, सकाळपासून पहिल्यांदा, आणि झोपायच्या खोलीत गेली. आम्ही मागे. तिने कपाटाचं दार उघडलं, आत गेली, स्टुलावर बसली. आमच्याकडे बघितलं.

"उमेदवाराने स्वतः बोलायचं असतं," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. तो शेवटचा.

१

त्या कपाटातून काही ऐकू येत नाही हे मी वर सांगितलंच आहे. ते माझ्यासाठीच केलेलं होतं.

नवऱ्याने दाराला कान लावला.

"काही येतंय?"

"गोधडी."

"काय बोलत असेल?"

"मला काय विचारतोस?"

त्याने कार्ड काढलं. पुढून वाचलं, उलटून मागून बघितलं. मागे कंपनीचा पत्ता होता.

"ह्यात बाहेरच्या माणसाने काय करायचं ते लिहिलेलंच नाही," तो म्हणाला.

मग आम्ही पलंगावर बसलो. तीन सेकंद झाले. मी तोंड उघडलं, मिटलं. परत तीन झाले. शंभर वेळा तीन व्हायला किती वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं. पाच मिनिटं. ऐकायला कमी वाटतात. करून बघा.

"दादा," पोटातून आवाज आला, आता जरा हळू. "रडतेय का ती?"

"माहीत नाही गं," नवरा म्हणाला. पहिल्यांदाच त्याने कार्डावर नसलेलं उत्तर दिलं.

बारा मिनिटांनी कडी निघाली. भिंगरी बाहेर आली. केसात गोधडीचा कापूस, एक कान लाल.

"उद्या दहाला," ती म्हणाली. "मूळ कागद घेऊन."

"म्हणजे?"

"म्हणजे मिळाली, बाबा."

नवरा खाली बसला. तो आधीच बसलेला होता, त्यामुळे तो पलंगावरून जमिनीवर बसला.

"चिडला का गं तो?" मी विचारलं.

"आधी मी खरं सांगितलं. म्हटलं, मघाशी बोलत होती ती माझी आई होती, खरी. ते म्हणाले, खरी म्हणजे? मी म्हटलं, जिवंत. मग म्हणाले, अकरा वर्षं ह्या बाई मला थांबा म्हणतायत, आज पहिल्यांदा काहीतरी दाबायला सांगितलं, बरं वाटलं. पण नियमात बसत नाही म्हणाले. जागा त्यांनी सोडून दिली."

"सोडली?"

"हो. परत एक झाली. मग म्हणाले, आता तुम्ही बोला. किती पडले?"

"मग?"

"सांगितले."

"किती सांगितलेस?" नवरा म्हणाला आणि जीभ चावली.

"पडले तितकेच, बाबा. ते म्हणाले, चार कमी आहेत. मग मी तुम्हाला का द्यावी, आणि भूकंपच का? आणि मी जे कागदावर पाठ केलेलं होतं ना, पृथ्वीच्या पोटाविषयी, ते सगळं विसरले. मी म्हटलं, आमच्या घरी दोघंही कामाला जातात आणि लोकांना सांगतात, घाबरू नका, थांबा. मला शोधायचंय की कधी घाबरायचं. आणि कधी अजिबात थांबायचं नाही."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी कपाटाकडे.

"ते म्हणाले, साहेबांना विचारतो, थांबा. आणि मग परत तू आलीस." ती माझ्याजवळ बसली. "आपला क्रमांक, एक. सात-आठ वेळा ऐकलं मी ते. आई, त्या एकच्या मागे कोण आहे? कोणीतरी रडतंय. बारीक."

"तू," मी म्हटलं. "ह्याच कपाटात. शेवटच्या आकड्याला उठलीस."

"आणि मग? मी रडले, तर तू काय केलंस? थांब म्हणालीस?"

"यंत्र बंद करायला लावलं आणि तुला उचललं."

"ते नाही ऐकू येत."

"ते टेपवर नाही."

तीन सेकंद झाले, सहा झाले, नऊ झाले. मी ते तसेच जाऊ दिले.

चौथा मजला

मग नवरा चावी घेऊन गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत गेला आणि त्याने जे करायला पाच तास घेतले होते ते दोन मिनिटांत केलं. भिंगरी आणि मी लिफ्टसमोर उभ्या होतो. खालून दोरांचा आवाज आला, मग दाराच्या फटीत दिवा.

"चौथा मजला," मी म्हणाले, भिंतीतून. "दरवाजे उघडत आहेत."

नणंद फळीवर बसलेली होती. मांडीवर पर्स, पर्सवर वही, वहीत आलेख.

"काय करत होतीस?" जिन्यावरून धापा टाकत उतरलेला नवरा म्हणाला.

"हिशेब. तू कुठल्या प्रश्नाला किती वेळ गप्प बसलास, ते मांडत होते. त्यावरून एकाहत्तर ते ब्याऐंशीच्या मधे कुठेतरी येतंय." तिने वही मिटली आणि उठली. "आता सरळ सांगा. किती?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही ओठ आत ओढून घट्ट धरले.

"शहात्तर," भिंगरी म्हणाली.

जिन्यात तो आकडा चांगला घुमला. काही पडलं नाही, काही हललं नाही.

"जागा?"

"मिळाली."

नणंदेने डोळे मिटले, उघडले, पदराने नाक पुसलं. मग ती शिक्षिका झाली. "आणि चार कुठे गेले?"

"अडीच तुझ्यापाशी अडकले होते," भिंगरी म्हणाली. "दीड मी शोधतेय."

नणंदेने मनातल्या मनात बेरीज केली.

"बरोबर," ती म्हणाली, आणि बाहेर आली.